माझा आजार मला सोडून सगळ्यांना ठाऊक होता

हे मी लिहिलेलं नाही, बोललेलं आहे. माझी बोटं आता काही धरत नाहीत. मी बोलतो आणि माझी बायको मंगल टाइप करते. ती एका हायस्कुलात क्लार्क आहे, त्यामुळे वेग चांगला आहे, पण माझी वाक्यं सुधारायची तिला भारी खोड. फोनवर बोलून टाइप करायची सोय असते, ती करून पाहिली. जीभ जड झाल्यामुळे मी ‘इंजेक्शन’ म्हणालो की फोन ‘इलेक्शन’ लिहायचा. तेव्हा मंगलच बरी.

आजाराचं नाव मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतात, निरोप पोचत नाही, मग स्नायू वाळत जातात. आधी हात, मग पाय, मग जीभ, गिळणं, श्वास. कुणाचा क्रम वेगळा असतो. बरं करणारं औषध अजून नाही. एवढी माहिती पुरे. बाकीची डॉक्टर सांगतील. म्हणजे, सांगितली तर.

अंगठा

मी तीस वर्षं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. घर सोलापुरात, पण नोकरी बहुतेक सांगोल्याच्या बाजूला, मेंढ्यांच्या कळपांत. मेंढपाळ मला डॉक्टरच म्हणायचे. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून दमलो आणि शेवटी ओ द्यायला लागलो.

तीन वर्षांपूर्वी लसीकरणाच्या वेळी माझा उजवा अंगठा सिरिंज दाबेना. सुई टोचली जायची, पण औषध आत जायचं नाही. बिरू नावाचा मेंढपाळ मेंढरं धरून देत होता. माझ्याच वयाचा, वीस वर्षांची ओळख. तो म्हणाला, “डाक्टर, सिरिंज तुंबली व्हय?”

“तुंबली बहुतेक,” मी म्हणालो आणि दुसरी घेतली. तीही तुंबली. मग मी डाव्या तळहातानं दाबून तो कळप कसाबसा संपवला. जाताना बिरूनं माझी पेटी माझ्या हातात दिली नाही. स्वतः उचलून गाडीला बांधली.

घरी आल्यावर मंगलला सांगितलं, तर ती म्हणाली, “मोबाइल कमी बघा.”

मान

पुढचे आठ महिने माझ्या मानेवर गेले. ज्या मानेला काहीही झालेलं नव्हतं तिच्यावर.

हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. त्यात मणक्यांची झीज निघाली. पन्नाशी ओलांडलेल्या कुणाचाही फोटो काढा, काहीतरी निघतंच. पण एकदा कागदावर निघालं की संपलं. मला गळ्याला पट्टा मिळाला. सोलापूरचा एप्रिल, डोक्यावर ऊन, गळ्यात जाड फोमचा पट्टा आणि खाली घामोळं. शिवाय जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, वजन लावून मान ओढणं आणि प्रत्येक भेटीत एकच वाक्य, “टेन्शन घेऊ नका.” मी टेन्शन घेतच नव्हतो. मी फक्त शर्टाची बटणं लावायला पाच मिनिटं घेत होतो.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस म्हणजे घरात लग्नघाई. त्या दिवशी भरलेली बादली माझ्या हातातून जिन्यात पडली आणि चार पायऱ्या खाली गेली. मंगल ओरडली, “अहो, लक्ष कुठंय तुमचं?” लक्ष बादलीवरच होतं. हात तिथे नव्हता.

शेवटी मानेचं ऑपरेशन ठरलं. तारीख मिळाली. मेहुणा बाळासाहेब टेंभुर्णीहून येऊन बसला, “आता एकदाचं कापून टाका दाजी,” म्हणाला. जणू गळू होतं.

चार दिवस आधी फिजिओथेरपीला शेवटचं म्हणून गेलो. नेहमीची मुलगी रजेवर होती. तिच्या जागी लावण्या नावाची नवी मुलगी आलेली. सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, वडिलांचे यंत्रमाग. वय असेल पंचवीस. तिनं मला शर्ट काढायला लावला. आठ महिन्यांत ते कुणी केलं नव्हतं.

“काका, मान दुखते?”

“नाही.”

“हाताला मुंग्या? बधिरपणा?”

“नाही.”

“मग मानेचं ऑपरेशन कशाला करून घेता तुम्ही?”

मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय. ती माझ्या दंडाकडे बघत होती. दूध उतू जायच्या आधी साय थरथरते तसं कातडीखाली काहीतरी थरथरत होतं. मग तिनं गुडघ्यावर लहान हातोडी मारली. पाय असा उडाला की तिलाच लागला असता.

“मी डॉक्टर नाही काका. पण हे मानेचं वाटत नाही. आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन कुठं पळून चाललंय का?”

मंगल आणि बाळासाहेब दोघेही तिच्यावर चिडले. कालची पोरगी, हिला काय कळतंय. मी ऑपरेशन पुढं ढकललं. सगळे माझ्यावर चिडले. आज या गोष्टीची आठवण काढली की मंगल टाइप करायची थांबते. आत्ताही थांबलीय.

वजन करून या

आमची मुलगी श्रुती पुण्यात नोकरी करते. तिनं तिथल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी तपासलं, मग स्नायूंत सुया घालून करायची तपासणी झाली. सुई घातली की यंत्रातून पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज यायचा. मी आयुष्यभर मुक्या जनावरांना टोचत आलो, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन तिघं आत गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “काका, बाहेर सिस्टरकडं जरा वजन करून या.”

वजन दोन मिनिटांत झालं. पण दार आतून लावलेलं होतं. वीस मिनिटं मी बाकावर बसलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, स्वतःच्या वजनाची चिठ्ठी हातात धरून.

दोघी बाहेर आल्या. मंगलचे डोळे लाल होते. “एसी सोसत नाही मला,” ती म्हणाली. श्रुती म्हणाली, “नसांची कमजोरी आहे बाबा. वेळ लागेल. गोळ्या दिल्यात.”

जिला ऑफिसातून एक दिवस सुटी मिळत नाही ती पोरगी त्या दिवशी आमच्याबरोबर सोलापूरपर्यंत आली आणि आठ दिवस राहिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही कळून घ्यायचं नव्हतं. कमजोरी हा शब्द बरा होता. कमजोरी भरून निघते.

खोका

अडीच महिने मी गोळ्या घेत राहिलो. मंगल गोळी हातावर द्यायची. पट्टी यायची, खोका कधी दिसायचा नाही.

एकदा तिच्या शाळेत तपासणी होती म्हणून तिला उशीर होणार होता. गोळ्या संपल्या होत्या. मी रिक्षानं मेडिकलवर गेलो. दुकानदारानं अख्खा खोका दिला. घरी दातांनी तो फोडला तर आतून घडी घातलेला कागद निघाला. जनावरांच्या औषधांचे असे कागद मी रोज वाचायचो, सवयीनं वाचला. औषध कशासाठी वापरतात तिथं एकाच आजाराचं नाव होतं. लांबलचक. ते मी फोनवर शोधलं आणि वाचायला लागलो.

मंगल आली तेव्हा कागद टेबलावर होता.

“किती दिवस माहितीय?” मी विचारलं.

तिनं पर्स खाली ठेवली नाही. “पुण्यापासून.”

“आणखी कुणाला?”

“श्रुतीला. बाळूला.” मग म्हणाली, “अक्कलकोटच्या वन्संना. आणि आमच्या मॅडमना, रजा लागली तर म्हणून. शेजारी कुलकर्णी वहिनींना.”

“दूधवाल्याला?”

“अहो, असं काय बोलता! तुम्ही खचाल म्हणून नाही सांगितलं. डॉक्टरच म्हणाले, पेशंटला एकदम सांगू नका.”

मी ओरडलो. तेव्हा माझा आवाज शाबूत होता. मी म्हणालो, मंगल, मी तीस वर्षं काय केलं? कळपाच्या मालकाला तोंडावर सांगितलं, हे जनावर उठणार नाही, त्याच्यावर आता खर्च करू नकोस. एका मेंढीच्या बाबतीतही मी कधी खोटं बोललो नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला मेंढीपेक्षाही अडाणी ठरवलंत?

ती म्हणाली, “मेंढी तुमची नव्हती.”

  तीन दिवस आम्ही बोललो नाही. त्या अडीच महिन्यांत मला सही करता येत होती, तीही गेली. त्या काळात मी कामावरचे कागद उरकले असते, बँकेत गेलो असतो, श्रुतीला चार ओळी स्वतःच्या हातानं लिहिल्या असत्या. हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी असा आजारी माणूस असेल तर हात जोडून सांगतो (म्हणजे जोडता आले असते तर): त्याला सांगा. त्याच्याकडे वेळ कमी आहे, तो तुम्ही खाऊ नका.

सगळ्यांनाच कळल्यावर

लपवणं संपलं आणि सल्ले सुरू झाले.

बाळासाहेब दर रविवारी काहीतरी घेऊन यायचा. एका बाबाचं तेल, हिरवा काढा, कुणाच्या तरी चुलत्याला अर्धांगातून उठवणारी पुडी. “हे अर्धांग नाही बाळासाहेब,” मी सांगायचो. “तेच की दाजी, नसाच की,” तो म्हणायचा. त्या काढ्यानं तीन दिवस पोट बिघडलं आणि माझं दोन किलो वजन गेलं. या आजारात गेलेलं वजन परत येत नाही. अक्कलकोटच्या बहिणीनं नवस बोलला. तिला मी अडवलं नाही, कारण नवस पोटात जात नाही.

भेटायला येणारे निराळे. माझ्यासमोर बसून मंगलला विचारायचे, “जेवतात का? ऐकू येतं का?” पाय अडखळतात म्हणून कान गेले असं लोकांना का वाटतं कोण जाणे. एका गृहस्थानं माझ्याशी मोठ्यानं आणि एकेक शब्द तोडून बोलायला सुरुवात केली. मीही तसंच उत्तर दिलं. ते खूश झाले.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो तेव्हा लिफ्ट बंद होती आणि तपासणी वरच्या मजल्यावर. दोघा जणांनी मला खुर्चीसकट उचललं. वर टेबलाशी बसलेले गृहस्थ म्हणाले, “आजाराचं हे नाव आमच्या यादीत दिसत नाही.” मंगलनं शांतपणे विचारलं, “मग यादी दुरुस्त होईपर्यंत आजार थांबेल का?” शेवटी हातापायांच्या अपंगत्वाखाली अर्ज घेतला. मग म्हणाले, इथं अंगठा उमटवा. माझा अंगठा मंगलनं धरून शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. ज्या अंगठ्यासाठी आम्ही आलो होतो तोच.

बिरू

एका दुपारी बिरू आला. सांगोल्याहून दोन गाड्या बदलून, पत्ता विचारत. खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसला. पिशवीतून डाळिंबं काढली. मग माझ्याकडे नीट बघून घेतलं, जनावर बघतात तसं, खालपासून वरपर्यंत.

“डाक्टर, खरं सांगा. बरं व्हनार का?”

“नाही रे.”

“औषध न्हाय?”

“नाही. एक गोळी आहे, ती थोडं लांबवते.”

“दुखतंय का?”

“फारसं नाही. पेटके येतात. बाकी नुसतं एकेक बंद पडत जातं.”

त्याच्या तोंडून बाबा, तेल, नवस, काहीही निघालं नाही. मग म्हणाला, “लई वंगाळ झालं.” आणि थोड्या वेळानं, “मग काय खावंसं वाटतंय ते खाऊन घ्या की.”

मी सांगितलं की डाळिंब आता खाता येत नाही, दाणा घशात अडकतो. शेंगाची चटणी बंद, कडक भाकरी बंद, पाणीसुद्धा हनुवटी खाली घेऊन घोट घोट प्यायचं. लावण्या घरी येऊन हे सगळं शिकवून जाते. बिरूनं मंगलकडून स्वच्छ फडकं मागितलं, हात धुऊन आला, डाळिंबं सोलली आणि दाणे फडक्यात घालून पिळले. पेला धरून मला एकेक घोट पाजला. एकदाही घाई केली नाही. कोकरांना पाजायची सवय असलेला हात. त्या महिन्यात मला खरोखर बरं वाटलेली ती एक दुपार.

मंगल

आता हा भाग मंगल काढून टाकायला सांगतेय. मी नाही म्हणालो.

ती सकाळी मला उठवते, दात घासते, संडासला नेते, आंघोळ घालते, भरवते, मग शाळेत जाते. दुपारी एक बाई येतात. संध्याकाळी परत तेच. तिची कंबर गेलीय. मी वजनानं कमी झालो तरी मेलेल्या पायांचं वजन वेगळंच असतं.

मीही गुणाचा नाही. उशी एक बोट इकडे, पाय जरा वर, पंखा कमी, पंखा जास्त. नाकावर माशी बसली तरी मला हाक मारावी लागते. दिवसभर हाका मारून मला स्वतःचाच वीट येतो, मग मी तिच्यावर खेकसतो.

एकदा न्हाणीघरात मी तिच्या हातातून सटकलो. दोघंही पडलो. मला काही झालं नाही. तिचं कोपर सुजलं. मी ओल्या फरशीवरूनच म्हणालो, “नीट धरता येत नाही का?”

ती उठली नाही. तिथंच भिंतीला टेकून बसली आणि रडत ओरडली, “मला पण विचारा की कुणीतरी! येईल तो तुम्हाला विचारतोय, कसं वाटतंय. मला एकानं विचारलं का आठ महिन्यांत? मी काय खुंटी आहे का घरातली?”

मी तिला विचारलं नव्हतं. एकदाही. मला वाटत होतं, आजारी मी आहे, म्हणजे विचारपूस माझ्या वाट्याची.

“कसं वाटतंय तुला?” मी विचारलं. फरशीवर आडवा पडून, साबणाच्या फेसात.

“वाईट वाटतंय,” ती म्हणाली. “आणि कोपर ठणकतंय.”

शेजारून माणूस बोलावून मला उठवलं. दुसऱ्या दिवशी तिनं श्रुतीला फोन केला आणि महिन्यातले चार दिवस तिनं येऊन राहायचं ठरलं. ते चार दिवस मंगल अक्कलकोटला माझ्या बहिणीकडे जाते आणि नुसती झोपते. हे आम्ही पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं.

कागद

मागच्या थंडीत श्वास कमी पडायला लागला, सकाळी उठल्यावर डोकं दुखायचं. झोपताना तोंडाला मास्क लावायचं यंत्र आलं. पहिले आठ दिवस तो मास्क म्हणजे परत गळ्याचा पट्टाच वाटला, ओढून काढावासा वाटे आणि काढायला हात नाहीत. मग सवय झाली. आता सकाळी डोकं दुखत नाही. लाइट गेली की मंगल धावते. बॅटरी आहे, तरी धावते.

डॉक्टरांनी या वेळी मला बाहेर पाठवलं नाही. म्हणाले, पुढं दोन निर्णय येतील. गिळता येईना झालं की पोटात नळी बसवायची का. आणि श्वास मास्कनं भागेना झाला की गळ्याला भोक पाडून कायमचं यंत्र लावायचं का. आत्ताच ठरवा, बोलता येतंय तोवर.

घरी आल्यावर मी म्हणालो, “मंगल, कागद घे.”

“नंतर.”

“नंतर माझा शब्द तुला कळणार नाही.”

ती दोन दिवस टाळत राहिली. ताटं घासली, कपाट लावलं, गरज नसताना दळण दळून आणलं. तिसऱ्या दिवशी शाळेतून आली आणि साडी न बदलता टेबलाशी बसली. पेन उघडलं.

मी सांगत गेलो. पोटात नळी चालेल. मास्कचं यंत्र चालेल. गळ्याला भोक नको. श्वास थांबायला लागला तर मला घरी ठेवा, त्रास होऊ नये एवढं औषध द्या, मोठ्या यंत्रावर घालू नका. हे मी शुद्धीवर, समजून, स्वतः सांगतोय.

‘भोक नको’ इथं तिचं पेन थांबलं.

“श्रुतीच्या लग्नाला असावं असं वाटत नाही का तुम्हाला?”

“वाटतं. भोक पाडून नाही.”

“लोक म्हणतील बायकोनं सोडून दिलं.”

“म्हणून तर लिहून घे म्हणतोय.”

तिनं लिहिलं. कायदेशीर करायला साक्षीदार आणि नोटरी लागतात, ते आम्ही पुढच्या आठवड्यात रीतसर केलं. पण तो पहिला, तिच्या हातचा कागद श्रुतीनं मला वाचून दाखवला तेव्हा कळलं, की मी सांगून संपल्यावरही मंगल लिहीत होती. शाळेच्या अर्जावर शेरा मारावा तशा खाली दोन ओळी होत्या, आणि त्याखाली तिची सही.

‘वरील मजकूर मला मान्य नाही. तरी मी त्याप्रमाणेच करीन.’